बेने इस्रायल तरुणी : गृहधर्म, शिक्षण आणि अस्मितेचा शोध

महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाचा इतिहास प्रामुख्याने कोकण आणि मुंबई यांच्या संदर्भात लिहिला गेला आहे. सातारा-सांगली परिसरात या समाजाची दाट वस्ती नव्हती. लष्कर, सरकारी खाती व संस्थाने यांतील नोकरीनिमित्त काही कुटुंबे घाटावर आली. आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाचे कारभारीपद खान बहादूर जेकब बापूजी इस्रायल यांनी भूषविले होते. अशा विखुरलेल्या कुटुंबांतील स्त्रियांचा विचार केल्यास परंपरेचा प्रश्न निराळ्या स्वरूपात समोर येतो.

यहुदी धर्मात सामूहिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक मानली जात असे. ती जेथे शक्य नसे तेथे धर्म घरात, म्हणजे वस्तुतः स्त्रीच्या हाती राहिला. शब्बाथ पाळणे, निषिद्ध अन्न टाळणे, एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करणे ही तिचीच जबाबदारी. मेंदी आणि मंगळसूत्र शेजारच्या समाजाकडून आले. विधवाविवाहाविषयीची नापसंतीही तेथूनच आली. या शेवटच्या रूढीला तोराचा आधार नव्हता. परंपरा जपणारीला सिनेगॉगमध्ये मात्र वेगळे बसावे लागे, ही विसंगती शिकलेल्या मुलींच्या नजरेतून सुटणे कठीण होते.

डॉ. जेरुशा झिराड (१८९०-१९८४) यांचे उदाहरण येथे महत्त्वाचे ठरते. पुण्यातील मुलींच्या हायस्कुलात व पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या लंडनला गेल्या. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. तरीही त्यांनी धर्म सोडला नाही. लंडनमध्ये लिली मोंटेग्यू यांच्या उदारमतवादी यहुदी विचारांशी परिचय झाल्यावर, १९२५ मध्ये मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून १९५० पर्यंत समाजाच्या मुंबईतील शाळेचे नेतृत्व केले. घराबाहेर पडण्याऐवजी घराचीच फेरमांडणी करावी, असा या दोघींचा मार्ग दिसतो. आपल्या स्त्री-सुधारणेच्या इतिहासलेखनात त्यांना अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्या पुढील पिढीपुढे उलटाच प्रसंग उभा राहिला. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बीपीठाने, अन्य यहुदींशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्रायलांची आई, आजी अशी मातृपरंपरा शक्य तितकी मागे जाऊन तपासावी, असे निर्देश काढले. ज्या स्त्रियांनी घरात धर्म टिकविला होता, त्यांच्याच यहुदीपणाचा पुरावा आता त्यांच्या मुली-नातींना मागितला जात होता. दीर्घ आंदोलनानंतर, १९६४ मध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला.