गिरणीची भूमि आणि तिचें दप्तर

ताम्रपट वा सनद हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम दात्याचें नांव पाहतो, मग शक व तिथि, आणि त्यानंतर चतुःसीमा. दिलेल्या भूमीबरोबर काय काय दिलें, हें सांगण्याविषयीं आमचे जुने लेखक फार दक्ष असत. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ही नामावळी मराठी इनामपत्रांत पुनःपुन्हां येते, ती केवळ अलंकार म्हणून नव्हे. पत्रांत जें नांवानिशीं सांगितलें नाहीं त्यावर पुढें तंटा होतो, हा अनुभव तिच्यामागें आहे. प्रस्तुत लेखांत ह्याच दृष्टीनें एका अर्वाचीन विषयाचा विचार करावयाचा आहे. बंद पडलेल्या गिरण्या व गोद्या यांच्या भूमीवर दाट वस्ती व उपवनें करण्याचा जो उद्योग महाराष्ट्रांत चालला आहे, त्याचा इतिहास कोणत्या कागदांवरून लिहावयाचा, आणि ते कागद कोणीं राखावयाचे?

सोलापूर हें नदीकांठचें शहर नव्हे. त्याचें पाणी मनुष्यकृत आहे. बाराव्या शतकांत शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनीं येथें तळें निर्माण केलें व त्यांत देवालय उभारलें. पुढें बहामनी काळांत त्याच तळ्याच्या कांठीं भुईकोट किल्ला झाला. १८१८ च्या मे महिन्यांत हा किल्ला इंग्रजांच्या हातीं पडला. १८५२ मध्यें नगरपालिका स्थापन झाली आणि १८६० मध्यें आगगाडी आली. १८७१ च्या सुमारास शहराच्या ईशान्येस एकरूकचा मोठा तलाव पुरा झाला. लोक त्यास हिप्परग्याचा तलाव म्हणतात. ह्या पूर्वतयारीनंतर १८७७ मध्यें मुरारजी गोकुळदास यांची कापडगिरणी सुरू झाली. तिच्यामागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु व जाम ह्या गिरण्या निघाल्यावर पहिलीस लोक ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले. मुरारजी पेठ हें नांव अजून त्या संस्थापकाची साक्ष देतें. स्थलनाम हाहि एक शिलालेखच होय. पण तो चतुःसीमा सांगत नाहीं.

ह्या जुन्या गिरणीचें नांव भारतीय राज्यघटनेच्या इतिहासांत आलें आहे, हें आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसतें. १९४९ च्या ऑगस्टांत गिरणी बंद झाली व हजारों कामकरी बसून राहिले. १९५० च्या जानेवारींत मध्यवर्ती सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हातीं घेतला. त्याच वर्षीं त्याचा कायदा झाला. चिरंजितलाल चौधरी नामक भागधारकानें त्यास सर्वोच्च न्यायालयांत हरकत घेतली. ती १९५० च्या डिसेंबरांत बहुमतानें फेटाळली गेली. परंतु द्वारकादास श्रीनिवास ह्या दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यांत त्याच न्यायालयानें १९५३ च्या डिसेंबरांत विरुद्ध निर्णय दिला: कारभार असा काढून घेणें म्हणजे मोबदल्यावांचून मालमत्ता हरण करणेंच होय. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निर्णयांमुळें करावी लागली, त्यांत हा एक आहे. गिरणी कोणाची, ह्या प्रश्नाचा भागधारक व सरकार यांच्यापुरता असा कीस निघाला. कामकऱ्याचा तींत कांहीं अंश आहे काय, हा प्रश्न मात्र त्या दाव्यांत नव्हता. तो पुढें मुंबईंत उभा राहिला.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला. त्यानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, आणि सुमारें सहाशें एकर भूमीचें काय करावें हा विचार निघाला. १९९१ च्या विकास नियमावलींत तिची वांटणी ठरली. स्थूलमानानें एक तृतीयांश महानगरपालिकेस उद्यानें व मैदानें यांसाठीं, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळास स्वस्त घरांसाठीं, आणि उरलेली मालकास. पुढें १९९६ मध्यें सरकारनें वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं अभ्यासगट नेमून सरकारी गिरण्यांच्या भूमीचा एकत्र विचार करविला. परंतु २००१ मध्यें नियम बदलला. वांटणी ‘मोकळ्या भूमी’चीच होईल असें ठरलें, आणि इमारती पाडल्यावर जी भूमि मोकळी होते ती ह्या शब्दांत येत नाहीं असा खुलासा २००३ मध्यें झाला.

एका शब्दाच्या अर्थानें किती अंतर पडतें तें उदाहरणानें पाहावें. समजा, एका गिरणीची भूमि पंधरा एकर असून बारा एकरांवर इमारती आहेत. सर्व भूमि धरली तर उद्यानास सुमारें पांच एकर मिळतात. पूर्वींच मोकळी असलेली तेवढी धरली तर एकच. मीमांसकांनीं वाक्याचें तात्पर्य ठरविण्यासाठीं उपक्रम, उपसंहार, फल इत्यादि गमकें सांगितलीं आहेत. त्यांचा येथें कस लागला. मुंबईच्या उच्च न्यायालयानें १७ ऑक्टोबर २००५ रोजीं पाडलेल्या इमारतींची भूमीहि मोकळ्या भूमींत धरली. सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २००६ रोजीं तो निर्णय फिरवून सरकारचा अर्थ मान्य केला. जल, तरु, तृण असें एकेक मोजणाऱ्या सनदलेखकानें ही संदिग्धता राहूं दिली नसती.

बंदराची गोष्ट थोडी वेगळी आहे. एल्फिन्स्टन कंपनीनें समुद्र हटवून केलेली भूमि सरकारनें १८७० मध्यें विकत घेतली. १८७३ मध्यें पोर्ट ट्रस्ट झाला. ससून गोदी १८७५ ची, प्रिन्सेस १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची, आणि अलेक्झांड्रा १९१४ ची. ह्या शेवटच्या गोदीच्या खोदाईंतून निघालेल्या मातीनें भर घालून बॅलार्ड इस्टेट रचली गेली. तिचे रस्ते व इमारती एकाच योजनेनें झाल्या, कारण भूमीचा धनी एक होता. ती कचेऱ्यांची पेठ झाली, राहत्या घरांची नव्हे. पूर्व किनाऱ्याच्या उरलेल्या भूमीवर वस्ती, उपवनें व समुद्राकडे जाणाऱ्या वाटा कशा असाव्या, याचा विचार राणी जाधव समितीनें २०१४ मध्यें केला. तेथें धनी एक असल्यानें वांटणीचा तंटा कमी; परंतु जुने नकाशे व भाडेपट्टे यांचें महत्त्व तेवढेंच.

आतां दप्तराकडे वळूं. मुंबईच्या गिरणी कामकऱ्यांस घरें देण्याच्या योजनेंत १ जानेवारी १९८२ रोजीं वा नंतर गिरणींत नोकरीस असल्याचा पुरावा मागण्यांत आला. सुमारें दीड लक्ष अर्ज आले. २८ जून २०१२ च्या पहिल्या सोडतींत ६,९२५ घरें होतीं. पुरावा कोणता? हजेरीपत्रक, तिकिट, भविष्यनिर्वाह निधीची पावती. ज्याच्या ट्रंकेंत ती चिठ्ठी राहिली त्याचा हक्क उभा राहिला. ज्याची वाळवीनें खाल्ली त्यास दारोदार फिरावें लागलें. इनामदाराचा वंशज सनद जपतो तशी ही चिठ्ठी जपण्याजोगी होती, हें त्यास सांगणारें कोणी नव्हतें.

सोलापूरच्या गिरण्याहि बंद पडल्या, आणि त्यांच्या भूमीचे वाटे व उपयोग बदलत आहेत. २०१६ च्या जानेवारींत स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर निवडलें गेलें, तेव्हांपासून तळें व किल्ला यांच्या परिसराची चर्चा वाढली आहे. तळ्याचा कांठ सर्वांचा, ही समजूत येथें आठशें वर्षांची आहे. नवी वस्ती करतांना ती मोजमापासह कागदावर उतरली पाहिजे.

म्हणून संग्राहकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गिरण्यांच्या आवारांचे व तलावांच्या पाटांचे मोजणी-नकाशे मिळतील तेथून नकलून ठेवावे, आणि त्यांवर मोकळी व बांधलेली भूमि वेगळी दाखवावी. हजेरीपत्रकें, चाळींच्या भाडेवह्या व पगाराच्या पावत्या रद्दींत जाण्यापूर्वीं घ्याव्या. ज्या मोडींत असतील त्यांचें लिप्यंतर मोडी जाणणारे हयात आहेत तोंवर करून घ्यावें. आणि प्रत्येक कागदाबरोबर तो कोणत्या घरांतून आला तें लिहावें. पोथ्या व फर्मानें जमविणाऱ्या मंडळींस हे कागद हलके वाटतील. परंतु त्यांवरूनच पुढें कोणाचें घर व कोणाचें उद्यान हें ठरणार आहे.