तळटीप १४ : सहाबारी वेब्ली

१४. सहाबारी वेब्ली : बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे .४५५ इंची लष्करी रिव्हॉल्व्हर. वरचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे झुकते आणि चक्रातली रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. पहिली आवृत्ती, 'मार्क १', ब्रिटिश सैन्यात १८८७ साली आली. येथे वर्णिलेली सहा इंची नळी आणि चौकोनी बुडाची मूठ मात्र 'मार्क ६'ची. आधीच्या लष्करी आवृत्त्यांची मूठ खाली चोचीसारखी वळलेली असे. 'मार्क ६'ला मंजुरी मिळाली ती मे १९१५मध्ये. (१९३२पासून तिच्या जागी .३८ची एनफिल्ड आली.) सांगाड्यावर '१९१८' असा ठसा असल्याचे लेखकाने स्वतःच पुढच्या परिच्छेदात नोंदवले आहे, आणि अशा हत्यारावर घरच्या आठवणीपेक्षा ठशाचा शब्द मोठा. मेसोपोटेमियातील कूत-अल-अमाराचा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. लेखकाचे आजोबा ११०व्या मराठा पलटणीबरोबर त्या वेढ्यात असणे शक्य आहे. ही वेब्ली तेथे असणे शक्य नाही. - संपा.