सुकेळी : वसईच्या वाडीचा वारसा

पाऊस सरला, आभाळ निवळले की वसईच्या उत्तर पट्ट्यात, आगाशी-नंदाखालच्या वाड्यांत सुकेळ्यांचा हंगाम सुरू होतो. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरने ठाणे जिल्ह्यातली सर्वांत उत्तम सुकी केळी म्हणून आगाशीचे नाव नोंदवून ठेवले आहे. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो, पण जाणकार गिऱ्हाईक अजूनही सुकेळी म्हटले की आगाशीचेच नाव घेते.

सुकेळ्यांना राजेळीच लागते. वसईची वेलची चवीला गोड, पण सुकवायला तिचा उपयोग नाही. राजेळी ही केरळच्या नेंद्रनच्या गोतातली. फळ लांब, जाड, गर घट्ट. लोंगर उतरवून ते पिकवायचे, केळी सोलून मांडवावर उन्हात मांडायची आणि रोज उलटसुलट करायची. संध्याकाळ झाली की सगळी गोळा करून झाकून ठेवायची, कारण दव लागले की माल बिघडला. सकाळी पुन्हा ऊन. असे आठवडाभर. मधेच ढग आले तर सगळी मेहनत वाया. साखर नाही, मीठ नाही, रंग नाही. फळातलाच गोडवा आटून वर येतो आणि केळे सोनेरी, चिवट-मऊ होते. मग केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायचे. गुंडाळायची वस्तूही वाडीबाहेरून आणावी लागत नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

हे कसब जपले ते सामवेदी ब्राह्मणांनी आणि त्यांचेच भाऊबंद असलेल्या कुपारी ख्रिस्ती शेतकऱ्यांनी. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढच्या काळात मिशनरी आले, चर्च उभी राहिली, गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. पण बाप्तिस्म्याने वाडी बदलली नाही. घरात कादोडी बोलीच राहिली, बायकांच्या अंगावर लाल लुगडे राहिले, आणि केळीची लागवडही राहिली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले. हा शेतकरी मात्र आपल्या मातीत आणि आपल्या धर्मात टिकून राहिला. म्हणूनच सुकेळी कोणा एका धर्माची म्हणता येत नाहीत. धर्म दोन झाले तरी दोन्ही घरांतला हात एकच राहिला.

या हाताला पाणी पुरवले बावखलांनी. समुद्र इतका जवळ की जमिनीखालचे पाणी केव्हा खारट होईल सांगता येत नाही. त्यावर इथल्या पूर्वजांनी वाडीतच मोठे खोल खड्डे खणले. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटते. बावखलावर रहाट, रहाटाला जनावर, पाटाने केळीला, पानवेलीला, फुलझाडांना पाणी, अशी ही शेती चालली. 1867 मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली आणि भाजी, फुले, केळी रोजच्या रोज शहरात पोहोचू लागली.

त्याच रेल्वेने नंतर शहर इकडे आणले. वाड्यांना जमिनीचा भाव आला, बावखले बुजवून इमारती उठल्या. नंदाखालच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभारली, ती याच पाण्यासाठी आणि याच झाडांसाठी. 2020 मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला आपलाच मान झाल्यासारखे वाटले असेल, यात मला शंका नाही. 2024 मध्ये ते गेले.

राजेळी वाऱ्याला पडते, टेकू मागते, तयार व्हायलाही वेळ घेते. त्यात आठवडाभर उन्हावर राखण. तरुण मुले नोकरीला गेली तर हे करणार कोण? भाव चांगला मिळाला तरच करणार, हे उघड आहे. म्हणून आगाशी-विरारच्या बाजारात वाळक्या पानातली पुडी दिसली, तर घासाघीस न करता घ्या. आणि ज्यांच्या वाडीत बावखल अजून शाबूत आहे, त्यांनी ते बुजवू नये. पाणी गोडे राहिले तर राजेळी पुन्हा लावता येईल.