नावाचे मोल

नाव विकले जाते, ही गोष्ट आपल्या गावगाड्याला नवी नाही. मराठेशाहीत पाटीलकी विकली जाई. कधी सबंध, कधी निम्मी. घेणारा तेव्हा काय पाहत असे? ‘पाटील’ हा नुसता शब्द नव्हे. त्यामागे हक्क कोणते, मानपान कोणता, उद्या एखादा भाऊबंद दावा सांगत उठेल काय, हे तो आधी पाही. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीचे वतन गेले. नावांचा बाजार मात्र आता नव्या रूपात आपल्या दारी आला आहे.

हा बाजार इंटरनेटवरच्या नावांचा, म्हणजे डोमेन नावांचा. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाच्या ध्यानात आकडे राहत नाहीत. म्हणून १९८३ साली अमेरिकेत पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची पद्धत आखली. १९८५ च्या मार्चमध्ये पहिले ‘डॉट कॉम’ नाव नोंदले गेले. पुढे ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला आणि १९९९ साली पंचाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. अशा वार्ता ऐकून कित्येकांनी नावे नोंदून ठेवली. न विकलेल्या नावांची वार्ता मात्र कोणी छापत नाही.

आता तुमच्या घरातला मुलगा म्हणाला, ‘मी उंब्रजचे नाव नोंदतो, पुढे विकीन,’ तर काय सांगाल? उंब्रज काही लहानसहान नाव नव्हे. तारळी-कृष्णेच्या काठचे, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाचे हे गाव. तरीही विचारा, ‘बाबा, घेणार कोण?’ गिऱ्हाईक डोळ्यांपुढे उभे राहत नसेल, तर किंमतही नाही. उंब्रज जुन्नर तालुक्यातही आहे. शिवाय रोमन लिपीत कोणी मध्ये ‘ए’ घालील, कोणी गाळील. यावर सोपी परीक्षा अशी : फोनवरून नाव सांगा आणि पलीकडच्याला लिहायला लावा. तो चुकला, तर मोल तिथेच उतरले.

दुसरी गोष्ट भाऊबंदांच्या दाव्याची. मुंबईच्या ‘रेडिफ’ कंपनीच्या नावात एकच अक्षर बदलून कोणी ‘रॅडिफ’ हे नाव घेतले. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते वापरण्यास मनाई केली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही, डोमेन नावाला व्यापारी नावासारखे संरक्षण मिळते, असे एका खटल्यात सांगितले. तेव्हा दुसऱ्याच्या नामांकित नावावर डोळा ठेवून घेतलेले नाव म्हणजे विकत घेतलेला तंटाच!

तिसरी गोष्ट खर्चाची. हे नाव कायमचे मालकीचे होत नाही. खंडाच्या जमिनीसारखे ते मुदतीपुरते आपले. पैसे थकले की गेले. समजा, एका नावाला वर्षाला हजार रुपये पडले. दहा नावे पाच वर्षे सांभाळली, तर ५०,००० रुपये झाले. एवढ्या पैशात घरची दुसरी किती कामे होतील, याचा हिशेब गुरुजींनी वर्गात मुलांकडून जरूर करवून घ्यावा.

आणि भाव बघायचा तो सांगितलेला नव्हे, मिळालेला बघावा. बैलबाजारात धनी बोलतो तो आकडा वेगळा आणि रुमालाखाली ठरतो तो वेगळा, हे तुम्हांला का सांगायला हवे? तसल्याच नावाला खरोखर काय मिळाले ते शोधा, आणि मग एकच नाव घेऊन पाहा.