नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

शनिवार सकाळ. चहा झालाय, बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आहे (आठवा महिना, डॉक्टरांचा हुकूम), आणि समोर लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. फाइलचं नाव 'बाळाचं नाव फायनल ३'. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे आधी कळत नाही, कळू नये असा कायदाच आहे, म्हणून दोन टॅब. कॉलम चार : नाव, अर्थ, कुणी सुचवलं, आणि शेवटचा, सगळ्यात लांब... आक्षेप.

आक्षेपांचा नमुना बघा. आई : "शंकराचं नाव म्हणे. हल्ली बघावं ते नाव शंकराचंच कसं असतं?" सासूबाई : "आमच्या बिल्डिंगमध्ये या नावाचं कुत्रं आहे हो." बाबा : "जोडाक्षर नको." माझा ऑनसाइट बसलेला मित्र : "इथे कुणाला म्हणता येणार नाही, विचार कर." आणि ताई, जी आता आत्या होणार, म्हणजे बाळाच्या कानात कुर्रर्र करायचा मान तिचा आणि म्हणून व्हेटोही तिचाच : "शाळेत पोरं या नावाचं काय करतील, जरा डोकं चालव."

त्रेचाळीस नावांनी सुरुवात केली होती. आता सहा उरली आहेत.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात फक्त एका टिंबाचा फरक आहे. आम्हा प्रोग्रामर लोकांना एका टिंबाची किंमत चांगली माहीत असते, एकाच्या चुकीने अख्खी रात्र जाते. पण इथे ती चूक नसावी, असं आता मला वाटायला लागलंय. आपल्याकडे ही दोन्ही कामं पहिल्यापासून जोडीनेच चालत आली आहेत. गेले तीन वीकएंड मी हेच वाचत बसलो होतो (बायकोच्या मते पाळण्याचे स्क्रू आवळायचं टाळण्यासाठी).

सुरुवात पार जुनी आहे. पतंजली, इसवी सनापूर्वी दुसरं शतक. महाभाष्याच्या सुरुवातीलाच त्याने प्रश्न घेतलाय की व्याकरण शिकायचं कशाला? त्याने जी कारणं दिली आहेत त्यात एक आहे, मुलाचं नाव नीट ठेवता यावं म्हणून! मुलगा दहा दिवसांचा झाल्यावर नाव ठेवावं, पहिलं अक्षर घोष असावं (म्हणजे ग, ज, द, ब वगैरे, क, च, त, प नाही), मध्ये य-र-ल-व पैकी काहीतरी यावं, नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, कृत् प्रत्ययाने बनलेलं असावं, तद्धित नको. आश्वलायन गृह्यसूत्रात अजून एक अट सापडते : मुलांना सम अक्षरांचं नाव, मुलींना विषम.

हे वाचून मी लगेच शीट चाळली. कियान आणि शौर्य पहिल्याच अक्षराला नापास. विहान तीन अक्षरी, म्हणून नापास. मुलींमध्ये अन्वी दोन अक्षरी, नापास. सासूबाईंनी सुचवलेली सावित्री मात्र पास. (हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

पाणिनीने तर लाडाच्या नावांचेही नियम दिलेत. लांबलचक नाव असेल तर दुसऱ्या स्वरानंतरचं कापून टाका आणि पुढे प्रत्यय लावा. देवदत्ताचा झाला देविक. आमच्या भाषेत सांगायचं तर स्ट्रिंग कापायचं फंक्शन. आपल्या गल्लीतला बाळ्या, पिंट्या, बबड्या ही त्याच परंपरेची पुढची आवृत्ती. आणि याला हसू नका, लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. पुढे देशाने ओळखलं ते बाळ गंगाधर टिळकांना, म्हणजे घरच्या हाकेच्या नावाने.

मग येतं ज्योतिष. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर. एकूण १०८ ओळींचं लुकअप टेबल. फक्त टेबल करणाऱ्याने टेस्टिंग केलेलं दिसत नाही, कारण आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ आहे, हस्ताच्या तिसऱ्याला ण आणि उत्तरा भाद्रपदाच्या चौथ्याला ञ. ठेवा बघू ङ वरून नाव! म्हणून मग पत्रिकेतलं नाव वेगळं, हाकेचं वेगळं, अशी पळवाट निघाली.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पुढे मनुस्मृती उघडली आणि गंमत संपली.

बाराव्या दिवसाचा उल्लेख तिथे आहे, आपलं 'बारसं' त्याच बाराचं. मुलीचं नाव उच्चारायला सोपं, गोड, अर्थ कळेल असं आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं, हेही आहे. म्हणजे बाबांचं 'जोडाक्षर नको' आणि ऑनसाइट मित्राचं 'म्हणता यायला पाहिजे' निदान दोन हजार वर्षं जुनं आहे असं समजा. पण त्याच्या आधीचा नियम असा की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं... किळस वाटेल असं. उगाच कुणी ओढूनताणून काढलेला अर्थ नाही हा, शब्दच तो आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये हे पुस्तक का जाळलं गेलं, हे शाळेत आम्हाला एका ओळीत शिकवलं होतं. त्या ओळीच्या मागे अशा ओळी होत्या.

बारशाला आलेल्या मावशीने नावं ठेवणं वेगळं आणि मूल जन्मायच्या आधीच कुणीतरी ठरवून ठेवणं की याच्या नावानेच याला कमी लेखलं जाईल, हे वेगळं.

यात गुंता आहे. दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही नावं आपल्याकडे फक्त तुच्छतेतून आलेली नाहीत. ज्या घरात आधीची मुलं जगली नाहीत तिथे आई-बाप मुद्दाम असं नाव ठेवायचे. हा दगड आहे, हा केर आहे, याच्याकडे काय बघायचंय, असं मृत्यूला सांगायचं आणि पोर वाचवायचं. म्हणजे त्या नावाच्या पोटात माया होती, भीती होती. (धोंडूचं अजून एक कारण म्हणजे अधिक महिना. त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यात जन्मलेला तो धोंडू.) एकच नाव एका घरात जीव वाचवायला ठेवलेलं आणि दुसरीकडे जिणं हलकं करायला. नुसतं नाव वाचून काही कळत नाही, हाक कशी मारली जाते त्यावरून कळतं. पुण्यातला सगळ्यात प्रसिद्ध गणपती ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हलवाईही दगडूच, पण दगडूशेठ. ज्यांनी विधवांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं ते कर्वे धोंडोच, पण धोंडो केशव. तेच नाव गावकुसाबाहेर गेलं की दगड्या, धोंड्या. 'शेठ' आणि 'या', फरक सगळा प्रत्ययाचा.

१९७८ साली आलेलं 'बलुतं' बऱ्याच जणांनी वाचलं असेल. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघं एकच आहेत. एक नाव जन्माने मिळालेलं, दुसरं लिहिण्यासाठी घेतलेलं, आणि पुस्तकभर ते एकमेकांशी बोलतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती लेखनाची एक युक्ती वाटली होती. आता वाटतं, ज्याला स्वतःचं नाव स्वतः निवडावं लागलं त्याला दुसरं कसं लिहिता आलं असतं?

आणि हे एकट्याचं राहिलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं, त्यानंतर घराघरात सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा आली. आपल्याला आज ती साधी, गोड नावं वाटतात. ती ठेवणाऱ्या पहिल्या पिढीने मात्र त्या जुन्या नियमाला बारशाच्या पाळण्यातूनच उत्तर दिलं होतं.

आता दुसरी बाजू, बायकांची. मनूच्याच लग्नाच्या नियमांत अजून एक नियम आहे : नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं, सापाचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. म्हणजे रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, गोदावरी, मैना... अर्धा महाराष्ट्र बाद! आपल्या लोकांनी हा नियम फारसा मनावर घेतला नाही हे बरंच झालं. नाव आवडलं नाही म्हणून मुलगी नाकारायची गरजही नव्हती म्हणा, कारण लग्नात नावच बदलता येत होतं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. झालं.

अमेरिकेत जाऊन १८८६ साली एम. डी. झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच. बाया कर्वे म्हणजे आनंदीबाई कर्वे, त्या माहेरच्या गोदावरी. १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला तेव्हा नाव बदललं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. ज्या बायकांची नावं आपण अभिमानाने रस्त्यांना, शाळांना देतो, ती त्यांची दुसरी नावं आहेत. पहिल्या नावांना काय वाईट होतं? काहीच नाही. त्यांना कुणी नावं ठेवली नव्हती. फक्त पुसून टाकली होती.

आणि नाव ठेवण्यातच नावं ठेवण्याचं सगळ्यात वाईट उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचं आहे. नकुशी, नकोशी, नकुसा. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचं नाव. हजेरीपटावर रोज कुणीतरी मोठ्याने पुकारायचं 'नकुशी', आणि तिने उभं राहून 'हजर' म्हणायचं. २२ ऑक्टोबर २०११ ला सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. त्यातला मला भिडलेला तपशील वेगळाच आहे. मुलींनी आपलं नाव निवडलं. कुणी नटीचं घेतलं, ऐश्वर्या. कुणी सावित्री. कुणी वैशाली. पतंजलीपासून माझ्या एक्सेल शीटपर्यंत अक्षर विचारलं गेलं, अर्थ, नक्षत्र, जात, उच्चार, शेजारचं कुत्रं, सगळं विचारलं गेलं. ज्याला ते नाव घेऊन जगायचंय त्याला विचारण्याचे प्रसंग मला फार थोडे सापडले. त्यातला हा एक.

बारशाच्या दिवशी बाळाला विचारता येत नाही हे मलाही कळतं. वडिलांनी निवडलेलं नाव मुलाला शोभून दिसतं असंही होतंच. कवी रमेश तेंडुलकरांनी १९७३ मध्ये सचिनदेव बर्मन यांच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं, पुढचं सांगायची गरज नाही. आणि गोष्टी बदलतायत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं ठरलं आहे. म्हणजे आमच्या बाळाच्या नावात माझ्या आधी त्याची आई येणार. बायकोने हा एक कॉलम कुणालाही न विचारता हिरवा करून टाकला.

गेल्या रविवारी आजीला फोन केला. वय चौऱ्याऐंशी, कान तल्लख. सहा नावं वाचून दाखवली. "तुम्हाला आवडेल ते ठेवा रे," म्हणाली. मग मी सहज विचारलं, "आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. मग तिने नाव सांगितलं. नदीचं होतं. म्हणाली, "दादा होता तोवर तो म्हणायचा. तो गेल्यावर कुणी म्हणालं नाही." बाबांना विचारलं तर त्यांनाही माहीत नव्हतं. स्वतःच्या आईचं नाव, साठी उलटल्यावर कळलं.

ते नाव आता 'मुलगी' टॅबवर सातव्या ओळीत आहे. घोष अक्षर नाही, अक्षरांची संख्या चुकते, जोडाक्षर आहे, ऑनसाइटवाल्यांना म्हणता येणार नाही. बायकोला विचारलं तर ती दोन-तीनदा स्वतःशीच ते म्हणून बघत होती, हाक मारल्यासारखं. 'आक्षेप' कॉलम रिकामा आहे, कारण अजून कुणाला सांगितलेलंच नाही. नाव बारशापर्यंत सांगू नये असं जुनी माणसं का म्हणायची ते आता कळतंय, म्हणून इथेही लिहीत नाही.

मुलगी झाली आणि मोठेपणी तिला नाही आवडलं, तर राजपत्रात नाव बदलायचा फॉर्म मीच आणून देईन. मुलगा झाला तर? ताई म्हणते आधी पाळण्याचे स्क्रू आवळ.