हाएन प्रांतातील किल्ले

दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाचा ईशान्येकडील प्रांत. ऑलिव्हच्या तेलासाठी तो प्रसिद्ध असून ऑलिव्हची ६ कोटींहून अधिक झाडे येथे आहेत. या बागांमधून वर आलेल्या टेकड्यांवर किल्ले आणि टेहळणीचे बुरूज दाटीने आढळतात. दाटीचे कारण सरहद्द. १६ जुलै १२१२ रोजी सांता एलेनाजवळ, लास नाव्हास दे तोलोसाच्या लढाईत कास्तील, आरागॉन व नाव्हार यांच्या राजांनी अल्मोहाद खलिफा मुहम्मद अल्-नासिर याचा पराभव केला. तेथून १४९२ मध्ये ग्रानाडा पडेपर्यंत ख्रिस्ती व मुस्लिम सत्तांची सीमा या मुलखातून दक्षिणेकडे सरकत राहिली. म्हणून हे किल्ले उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत जाणे सोयीचे. प्रांतिक प्रशासनाने ‘किल्ले आणि लढाया’ नावाचा पर्यटनमार्गही आखला आहे.

उत्तरेस बान्योस दे ला एन्सिना येथील बुर्गालिमार किल्ला आहे. माती, चुना व खडी लाकडी साच्यात धुमसून याचा तट उभारला. साच्याच्या आडव्या दांड्यांची भोके भिंतीवर ओळीने आजही दिसतात. मराठवाड्यातील पांढरीच्या गढ्या पाहिलेल्याला मातीचे हे काम परके वाटणार नाही, मात्र चुन्यामुळे ते फार टणक झाले आहे. मूळचे १४ बुरूज चौकोनी असून ख्रिस्ती अमलात त्यांत एका भक्कम बुरुजाची भर पडली. एका शिलालेखावरून बांधकाम ९६८ चे मानले जाई. अलीकडे अनेक अभ्यासक ते बाराव्या शतकातील, अल्मोहादकालीन ठरवतात.

हाएन शहरावरील सांता कातालिना किल्ला कास्तीलचा राजा फर्नांदो तिसरा याच्याकडे १२४६ मध्ये आला. शहर सोडून देणारा मुहम्मद इब्न अल्-अहमर मूळचा याच प्रांतातील आर्होना गावचा. मांडलिकी पत्करून व खंडणी देऊन त्याने ग्रानाडाचे राज्य वाचवले आणि ते पुढे सुमारे अडीचशे वर्षे टिकले. सांता कातालिना येथील जुन्या राजवाड्याच्या जागेवर १९६५ मध्ये सरकारी हॉटेल झाले. तेथून दिसणारा देखावा उत्तम, पण इतिहासाच्या दृष्टीने हा व्यवहार महागात पडला.

दक्षिणेस आल्काला ला रेआल येथील ला मोता हा या सर्वांत पाहण्याजोगा. कास्तीलचा राजा आल्फोन्सो अकरावा याने तो १३४१ मध्ये घेतला आणि दीडशे वर्षे तो ग्रानाडाच्या तोंडावरचे ठाणे राहिला. सरहद्द मिटल्यावर पाणी व वाटा सोयीच्या म्हणून लोक पायथ्याशी उतरले. वर उरलेल्या गल्ल्या, घरांची जोती आणि वाइनची तळघरे उत्खननात मोकळी झाली. मोठ्या चर्चच्या फरशीखालील, खडकात खोदलेल्या थडग्यांच्या रांगाही उघड्या ठेवल्या आहेत.

पूर्वेकडे काझोर्ला व सेगुराच्या डोंगरांत ला इरुएला व सेगुरा दे ला सिएरा येथील किल्ले आहेत. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसपलीकडे जातो, त्यामुळे वसंत किंवा ऑक्टोबर बरा. कानेनाचा किल्ला खासगी मालकीचा आहे आणि लहान गावांतील किल्ले रोज उघडे असतीलच असे नाही. निघण्यापूर्वी चौकशी करावी.