माल पोचवणारं ड्रोन कसं तयार होतं? उडवण्यापेक्षा ओझं खाली सोडणंच अवघड

फवारणीचं ड्रोन आता बऱ्याच गावांत येऊन गेलंय. दहा लिटरची टाकी घेऊन ते शेतावर फिरायला लागलं की बघायला जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, एवढं पाणी उचलतं तर तालुक्याहून औषध का आणत नाही? प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की वाडीचा रस्ता बंद. सर्पदंशाच्या लसीच्या दहा कुप्या किंवा रक्ताची एक पिशवी, वजन किलोभरही नाही, पण ती आणणारा माणूस ओढ्याच्या पलीकडेच अडकतो.

फवारणीचं ड्रोन चालवणाऱ्याच्या नजरेसमोर असतं आणि एका बॅटरीवर साधारण दहा-पंधरा मिनिटं उडतं. ते सगळं वजन पंख्यांच्या जोरावर हवेत धरून ठेवतं, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. लांब जायचं तर विमानासारखे पंख हवेत. पण पंखाच्या विमानाला धावपट्टी लागते आणि वाडीत धावपट्टी कुठून आणायची? म्हणून सरळ वर उठणारं, मग विमानासारखं पुढे जाणारं आणि पोचल्यावर पुन्हा जागेवर थांबणारं यंत्र लागतं. खरी कसोटी इथेच लागते.

गूगलच्या 'प्रोजेक्ट विंग'ची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे, कारण तिची पहिली मोठी चाचणी शेतकऱ्यांच्या रानातच झाली. २०१२ मध्ये काम सुरू झालं तेव्हा कल्पना वेगळी होती: हृदय बंद पडलेल्या माणसाकडे विजेचा झटका देणारं यंत्र ड्रोनने पोचवायचं. पुढे साध्या सामानाचा विचार सुरू झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात, वॉरविक गावाजवळ तीसच्या वर उड्डाणं झाली. तिथले नियम अमेरिकेपेक्षा सोयीचे होते. शेतकऱ्यांना चॉकलेट, कुत्र्याचं खाणं, पाणी आणि जनावरांची लस असं सामान पोचवलं.

ते ड्रोन शेपटीवर उभं राहायचं. पंखाची लांबी दीड मीटर, वजन साडेआठ किलोच्या आसपास. उभ्यानेच वर जायचं, मग आडवं होऊन उडायचं आणि ठिकाण आलं की पुन्हा उभं राहायचं. जुळणी सोपी, हलणारे भाग कमी. कागदावर झकास. पण यंत्र उभ्याचं आडवं झालं की पोटातलं सामानही कलंडायचं. बैलगाडी मागच्या बाजूला जास्त भरली की उलाळते, तसाच प्रकार, फक्त हा हवेत. शिवाय उभ्या अवस्थेत वाऱ्याला पंखाची सगळी रुंदी सापडायची आणि ड्रोन एका जागी स्थिर राहायचं नाही.

गंमत म्हणजे ही रचना चुकीची असावी, असं टीममधल्या अनेकांना आधीच वाटत होतं. प्रमुख अ‍ॅस्ट्रो टेलर यांनी पुढे एका जाहीर भाषणात ते कबूलही केलं. तरी तेच ड्रोन घेऊन ते शेतात उतरले आणि खऱ्या माणसांना सामान देऊन पाहिलं. मार्च २०१५ मध्ये ती रचना सोडून दिल्याचं जाहीर झालं. दोन-अडीच वर्षांची मेहनत बाजूला ठेवायला धाडस लागतं.

एक गोष्ट मात्र टिकली, ती म्हणजे सामान खाली सोडायची पद्धत. ड्रोन जमिनीवर उतरवलं तर पोरंटोरं फिरत्या पात्यांजवळ धावतात. हवाई छत्रीने सोडलं तर वारा सामान शेजाऱ्याच्या रानात नेतो. शेवटी बारीक दोरीने सोडायचं ठरलं. विहिरीत पोहरा पाण्याला टेकला की दोर सैल पडतो आणि हाताला कळतं. इथे ते काम दोरीच्या टोकाला बसवलेल्या छोट्या यंत्राचं. सामान टेकलं की ते ओळखतं, सामान सोडतं आणि दोरी वर जाते.

नव्या रचनेत वर उचलणारे पंखे वेगळे आणि पुढे ढकलणारे वेगळे केले. ड्रोन कायम आडवंच राहतं, सामान कलंडत नाही. एप्रिल २०१९ मध्ये कॅनबेरा शहराच्या काही भागात व्यावसायिक सेवेला परवानगी मिळाली. ओझं किती? सव्वा किलोच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण वर सांगितलेल्या लसीच्या कुप्या त्यात बसतात.

परवानगीनंतरही शिकणं थांबलं नाही. त्याआधी २०१८ च्या चाचण्यांत आवाजाच्या तक्रारी आल्या होत्या, म्हणून कमी आवाजाची पाती बनवावी लागली. २०२१ मध्ये कॅनबेरात घरट्याच्या हंगामात डोमकावळ्यांनी ड्रोनवर हल्ले केले आणि त्या भागातली सेवा थांबवावी लागली. २०२२ मध्ये क्वीन्सलँडमध्ये एक ड्रोन विजेच्या तारांवर उतरलं आणि दोन हजारांवर ग्राहकांची वीज गेली. आपल्याकडे लोंबकळत्या तारा किती आहेत, ते वेगळं सांगायला नको.

भारतातही उड्डाणं झाली आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मणिपूरमध्ये बिष्णुपूर जिल्हा रुग्णालयातून लोकटाक तलावातल्या करांग बेटावर कोरोनाची लस ड्रोनने गेली. रस्त्याने २६ किलोमीटर, हवेतून १५, वेळ १२ ते १५ मिनिटं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ३०० डोस पाठवले गेले. चाळीस मिनिटांचा रस्ता नऊ-दहा मिनिटांत झाल्याचं प्रशासनाने तेव्हा सांगितलं. पण एक उड्डाण आणि पावसात, रात्री, रोज उडणं यात फार अंतर आहे. त्यासाठी आधी रिकामं, मग ओझ्यासह, मग मुद्दाम एक मोटर बंद करून, बॅटरी उतरवून, जीपीएस तोडून यंत्र पुन्हा पुन्हा उडवून बघावं लागतं.

अशा चाचणीला मोकळी जमीन लागते, म्हणून कुणी माळरान भाड्याने मागायला आलं तर एवढं माहीत असावं. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत संशोधनासाठी सूट आहे. सरकारी संशोधन संस्था, शिक्षण संस्था, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि जीएसटी क्रमांक असलेले उत्पादक यांना चाचणीच्या ड्रोनसाठी प्रमाणपत्र लागत नाही. मात्र जागा हिरव्या क्षेत्रात आणि चाचणी करणाऱ्याच्या ताब्यात हवी. विमानतळापासून दूरच्या हिरव्या क्षेत्रात साधारण १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येतं. हिरवं, पिवळं, लाल क्षेत्र दाखवणारा नकाशा केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केला आहे. आपला गट कोणत्या रंगात येतो ते आधी बघावं, आणि पीक किंवा जनावराचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे करारात लिहून घ्यावं.